टोपीची खूण

९ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल.

तुझे मोबाइलवरचे मेसेज मिळतात. 'ठीक.' 'हो.' 'नंतर बोलू.' एवढ्यात माणूस मावत नाही. आणि नंतर बोलू म्हणजे काय? मला ऐकू कुठे येतं? फोन कानाला लावला की छापखान्यातलं मशीन चालू असल्यासारखं वाटतं. ते मशीन भंगारात जाऊनही वर्षं झाली. तेव्हा मी कागदावर लिहीन. तूही कागदावर लिही. उशिरा पोचलं तरी चालेल.

तुझी खोली आहे तशीच आहे. फक्त तुझं गेमचं कन्सोल बाहेरच्या टीव्हीला जोडलं. जाताना तू म्हणाली होतीस, 'तुमच्या नावाने वर्षाचं सबस्क्रिप्शन भरून ठेवलंय बाबा, आपण तळ्यावर भेटू.' तेव्हा मी हसलो होतो. आता दुपारचा चहा झाला की गेममधल्या त्या तळ्यावर जातो. माझा बाहुला अजून भिंतींना धडकतो. एकदा पाण्यात पडला, पण तिथे कपडे ओले होत नाहीत. परवा तू आलीस, बराच वेळ शेजारी बसलीस. मला काहीतरी लिहायचं होतं. त्या कंट्रोलरवर एकेक अक्षर शोधेपर्यंत तू गेलीस.

आता मुद्द्याचं. स्टोअरच्या पानावर दर महिन्याला 'सदस्यांसाठी मोफत' अशी एक रांग येते. बहुतेक वेळा मारामारीचे गेम असतात, मी तिकडे बघत नाही. या महिन्यात त्यात आपल्या तळ्याच्या गेमची एक जोडवस्तू आहे: टोपी उचलण्याची खूण. बटण दाबलं की बाहुला डोक्यावरची टोपी उचलतो, क्षणभर हातात धरतो, परत ठेवतो.

ते पाहिलं आणि माझा चहा गार झाला.

तुला आठवतं का, माहीत नाही. केसांत शाई जाऊ नये म्हणून छापखान्यात आम्ही रद्दी कागदाच्या टोप्या घालायचो. तुझी आई सकाळी डबा द्यायची आणि दुपारी तुला शाळेतून आणताना काचेच्या दाराशी थांबायची. आवाजात बोलायची सोय नव्हती. ती नुसत्या भुवया उडवायची. मी टोपी उचलली तर जेवलो. नाही उचलली तर संध्याकाळी माझी खैर नाही. तू तिचं बोट धरून उभी असायचीस आणि डोक्यावर नसलेली टोपी उचलायचीस.

गेमच्या दुकानात जाऊन विचारून आलो. काउंटरवरची बाई आधी ओरडली. मी म्हटलं, ओरडू नका, लिहा. तिने पिशवीवर लिहून दिलं. मोफत असली तरी आपण 'घ्या' हे बटण दाबल्याशिवाय वस्तू आपली होत नाही. महिना उलटला की ती जाते, मग मागून मिळत नाही. एकदा घेतली की आपली वर्गणी चालू आहे तोवर आपल्याकडे राहते.

मी घेतली. तूही घे, महिना संपायच्या आत. मग कसं, मी टोपी उचलली म्हणजे मी जेवलो. तू उचललीस म्हणजे तूही जेवलीस. बाकीचं बोलायला कागद आहे.

बाबा


२८ जानेवारी

बाबा,

पत्र मिळालं. पाववालीने आणून दिलं. माझ्यासोबत ही जागा भाड्याने घेतलेली बाई. पहाटे बेकरीत जाते, दुपारी परत येते, म्हणून मी तिला पाववाली म्हणते आणि ती मला दातवाली. आमची गाठ पडते तेव्हा एकजण झोपायच्या बेतात असते.

कामाचं विचारलं नाहीत, पण सांगते. अजून लॅबमध्ये कृत्रिम दातच करते आहे. गेल्या आठवड्यापासून मला पुढचे दात देतात, म्हणजे बढतीच. दाढ कशीही चालते, कुणी बघत नाही. पुढचा दात हिरडीशी पिवळट असतो, मध्ये उबदार, आणि टोकाला जवळजवळ काचेसारखा. शेजारच्या खऱ्या दाताशी तो जुळला पाहिजे. मी दिवसभर खिडकीशी बसून छटा जुळवते. विजेच्या दिव्यात फसायला होतं.

टोपी घेतली.

तळ्यावर रोज जमेलच असं नाही. दिसले नाही तर काळजी करू नका.

कानाचं मशीन लावता का, की ड्रॉवरमध्येच पडून आहे? ड्रॉवरला ऐकू येऊन काय उपयोग?

तुमची
ठमी


१९ फेब्रुवारी

ठमे,

पुढच्या दातांचं वाचून बरं वाटलं. आम्हीही तेच करायचो. लाल शाई लाल नसते, दिवसाच्या उजेडात बघावी लागते. तुझ्यात ते कुठून आलं हे आता कुणाला विचारायला नको.

कानाचं मशीन लावलं होतं. त्यात मला शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू येतो. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

तळ्यावर हल्ली तू पुष्कळ येतेस. जमणार नाही म्हणालीस आणि माझ्याआधी येऊन बसलेली असतेस. मी टोपी उचलली. तू नाचलीस. मला वाटलं, बटण चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलली. तू उडी मारलीस आणि मला एक मासा दिलास. मासे धरायला कधी शिकलीस? लहानपणी गळ लावलेला बघून तू रडली होतीस. मासा मी ठेवून घेतला. त्याचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. माझ्या बाहुल्याच्या पिशवीत आहे, नासत नाही.

पण टोपी काही उचलली नाहीस.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो. बाई आता मला बघून कागदच पुढे करते. तिचं म्हणणं, वर्गणी थांबली की मोफत घेतलेल्या वस्तूंना कुलूप लागतं. जात नाहीत, असतात तिथेच, पण वापरता येत नाहीत. पुन्हा भरली की कुलूप निघतं. तेव्हा तुझं तसंच काही झालंय असं दिसतं. भरायची राहिली असेल, किंवा सध्या हात आखडता असेल. त्यात लाजायचं काही नाही. मला सांग, मी इथून तुझ्या नावाने भरतो. बाई म्हणते, तशी सोय आहे.

नाचलीस ते छान होतं. नाही म्हणत नाही.

बाबा


१२ मार्च

बाबा,

तुमचा अंदाज बरोबर आहे. वर्गणी भरायची राहिली. म्हणूनच टोपीला कुलूप. हात आखडता वगैरे काही नाही, कामाच्या गडबडीत लक्षात आलं नाही, इतकंच. तुम्ही भरू नका. मी बघते.

रजेचं विचारलं. साहेब म्हणाले, पुढच्या दातांना सध्या दुसरं कुणी नाही. बढतीचा हा भाग मला आधी कुणी सांगितला नव्हता.

इथे झाडांना पालवी आली आहे. माझ्या खिडकीतून एकच झाड दिसतं. त्याच्यामुळे दुपारी दातांवर हिरवी झाक येते, म्हणून टेबल सरकवून घेतलं. आता झाड दिसत नाही.

मी वेळेवर जेवते. टोपी नसली तरी समजून घ्या.

तुमची
ठमी


२ एप्रिल

ठमे,

माझी वर्गणी संपली.

तू वर्षाची भरून ठेवली होतीस. वर्ष झालं. म्हणजे तुला जाऊन वर्ष झालं, हे मला त्या स्क्रीनने सांगितलं. कॅलेंडर समोर आहे पण त्याच्यावर असं लिहून येत नाही.

चहा घेऊन बसलो आणि नेहमीसारखा तळ्यावर गेलो. तळं होतं. पाणी हलत होतं. टोपीवर बारीकसं कुलूप आलं होतं, बाईने सांगितलं होतं तसंच. रेनकोट राहिला होता, कारण तो सगळ्यांनाच फुकट मिळतो, सदस्य असा वा नसा. रेनकोट घालून बसलो. तू आली नाहीस. मग लक्षात आलं, कुणीच नव्हतं. रोज पुलावर एक दोघं गप्पा मारत उभी असतात, एक जण नेहमी झाडावर चढून बसलेला असतो. झाडही रिकामं. मला वाटलं, सगळे गावाला गेले की काय.

दुकानात गेलो. बाईने लिहिलं: काका, वर्गणी नसेल तर एकट्यानेच खेळावं लागतं. तळं तेच दिसतं, पण दुसऱ्या कुणाची भेट होत नाही. त्यांना तुम्ही दिसत नाही, तुम्हाला ते दिसत नाहीत.

मी तो कागद खिशात घालून घरी आलो. काही दिवस तसंच गेलो तळ्यावर, एकटा. मग बाईला सोबत घेऊन वर्गणी भरली. कुलूप निघालं. पुलावरची माणसं आली. तूही आलीस, हातात मासा घेऊन.

तुला माहीत आहे, चार रंगांचं चित्र छापायचं तर कागद चार वेळा शाईखालून जातो. एखादा रंग केसभर सरकला की चेहऱ्याला दोन कडा दिसतात. रंग चारही बरोबर असतात. माणूस मात्र ओळखू येत नाही.

तू म्हणतेस, फेब्रुवारीत तुझी वर्गणी थांबली होती. फेब्रुवारीत तू तळ्यावर होतीस. नाचलीस, मासा दिलास. वर्गणी थांबली असती तर आली नसतीस. आलीस, तर टोपीला कुलूप नव्हतं.

मी रागावलेलो नाही. ती जी कोण आहे ती चांगली आहे. माझा बाहुला भिंतीला अडकला की पुढे होऊन वाट दाखवते. न बोलता शेजारी बसून राहते, हे सगळ्यांना जमत नाही. तिला माझा नमस्कार सांग.

पण मग तू कुठे बसतेस?

बाबा


३० एप्रिल

ठमे,

पत्र नाही. टपाल उशिरा येतं हे मला माहीत आहे. तरी पोस्टमनला थांबवून विचारलं. तो मान हलवत बोलतो, म्हणून त्याचं मला कळतं.

मी तळ्यावर जातो. ती येते. आता मी टोपी उचलत नाही. तिला त्याचं काय? उगाच बिचारी नाचत बसते.

तुझ्या खोलीतला पंखा आवाज करतो असं शेजारी म्हणाले. माझ्यापुरता तो ठीक चालला होता. तेल घातलं.

मी जेवतो. तू विचारलं नाहीस, पण सांगितलं.

बाबा


१७ मे

बाबा,

पत्र लिहायला घेतलं की मधेच उठत होते.

ती पाववाली आहे. इथे घेतलेलं कन्सोल मी तिला दिलं आहे, डिसेंबरपासून. नाव माझंच ठेवलं, कारण वर्गणी त्या नावावर आहे आणि तळ्याकाठचं घरही. तिला एवढंच सांगितलं होतं की दुपारी एक गृहस्थ येतील, ते बोलत नाहीत, त्यांच्या शेजारी बसत जा. तुम्ही माझे बाबा हे तिला मागच्या महिन्यात कळलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. नंतर म्हणाली, 'मला वाटलं कुणी म्हातारा एकटा आहे. तुझा आहे हे सांगायला काय झालं होतं?'

काय झालं होतं ते सांगते. सुरुवातीला मीच येत होते. तुम्ही भिंतीला धडकत होतात. एकदा तुमचा बाहुला माझ्याकडे पाठ करून बसला, तुम्हाला वळवता येत नव्हतं बहुतेक. कितीतरी वेळ मी तुमच्या पाठीकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि मला छटा दिसेनात. ट्रेमधले सगळे दात एकच. पिवळा कुठला, निळसर कुठला, काही कळेना. साहेबांना म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलंय. असं बऱ्याचदा झालं. तळ्यावर बसले की दुसरा दिवस वाया. मला एक तर तिथे बसता येत होतं, नाहीतर इथे राहता येत होतं.

म्हणून कन्सोल तिला दिलं. तुमच्या शेजारी कुणीतरी असावं असंही वाटत होतं, आणि ते मी असू नये असंही.

आता टोपीचं. तुमचं पहिलं पत्र महिन्याच्या आतच पोचलं होतं. पाववाली समोर सोफ्यावर बसली होती, कन्सोल चालू होतं, स्टोअरचं पान दोन बटणांच्या अंतरावर. तिला नुसतं म्हणायचं होतं, ती टोपीची खूण घेऊन ठेव, आणि ते गृहस्थ टोपी उचलतील तेव्हा तूही उचल. तिने आनंदाने केलं असतं. ती कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही.

मी नाही सांगितलं. कारण मग तुम्ही टोपी उचलली असती, तिनेही उचलली असती, आणि तुम्ही समाधानाने टीव्ही बंद केला असता. मी जेवले की नाही, हे तुम्हाला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं असतं आणि तुम्हाला ते खरं वाटलं असतं. बाकी सगळं तिला दिलं बाबा, घर दिलं, नाव दिलं. ते एक देववेना. तुम्हाला मात्र लिहिलं की घेतली. महिना संपला तेव्हा ती खूण गेली. आता मिळत नाही, मी शोधली.

हे पत्र पोचेल त्यानंतरचा पहिला रविवार धरा. कुठला ते मला इथून कळणार नाही, म्हणून मी येत्या रविवारपासून दर रविवारी दुपारी येईन. पाववालीने कबूल केलं आहे, रविवारी ती झोपेल. माझ्याकडे टोपी नाही. सगळ्यांना आधीपासून मिळतं तेवढंच आहे: बसणं आणि उठणं. तुम्ही टोपी उचला. मी जेवले असेन तर उठेन आणि परत बसेन.

आईला हे चाललं असतं का?

तुमची
ठमी


११ जून

ठमे,

चाललं असतं. ती भुवया उडवायची, तेही कुठल्या पुस्तकात नव्हतं.

पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी मी तळ्यावर गेलो नाही. पाववालीला वाटलं असेल, म्हातारा आजारी पडला.

रविवारी गेलो तेव्हा तू आधीच बसली होतीस. बसलेली पाठमोरी, पाण्याकडे तोंड. मासा नाही, उडी नाही. मी या वेळी भिंतीला न धडकता आलो, सकाळी सराव केला होता. शेजारी बसलो. मग टोपी उचलली.

तू उठली नाहीस.

मी थांबलो. पुन्हा उचलायची नाही असं ठरवलं. एकदा विचारलं की विचारलं. थोड्या वेळाने तुझ्या बाहुलीने मान खाली घातली आणि डुलायला लागली. कंट्रोलर खाली ठेवून माणूस कुठे गेलं की तिथले बाहुले तशी डुलकी काढतात, हे मला माहीत आहे. माझाही काढतो, मी चहा करायला गेलो की. पुलावरची माणसं निघून गेली. झाडावरचा उतरला. मी रेनकोट घातला, काढला, परत घातला. तुझी बाहुली डुलत होती. मला वाटलं, उद्याचे दात हिला आठवले असतील. गेली असेल.

मग तिने मान वर केली. तू उठलीस. क्षणभर उभी राहिलीस. परत बसलीस.

म्हणजे मी विचारलं तेव्हा तू जेवली नव्हतीस. उठून गेलीस, जेवलीस आणि मग येऊन सांगितलंस. नुसतं बटण दाबून मोकळी झाली असतीस तर मला काय कळणार होतं?

त्यानंतर किती वेळ बसलो ते मी बघितलं नाही. तुला दुसऱ्या दिवशी छटा दिसल्या का, ते कळव. नसतील दिसल्या तर एका रविवाराआड ये. मी टोपी घालूनच असतो.

पाववालीला सांग, इतर दिवशी यायचं तिने थांबवू नये. मला मासे धरायला शिकायचं आहे.

आणि काय जेवलीस, ते लिही.

बाबा